दोन गिटारी, एक विश्वंभरची

कुरुंदा, १४ मार्च २००४

विश्वंभर भावजी यांना सत्यशीलाचा नमस्कार.

तुमचा पुण्याचा पत्ता वसमतच्या भीमसिंग साउंडवाल्यानं दिला. "पुराना पता है भाभी, पण टाकून बघा," म्हणाला. सात वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, तुम्हीही नाही. पाकिटावरचं माझं नाव बघून हे फाडलं नसेल तर पुढचं वाचा.

प्रियदर्शनीचे बाबा नऊ डिसेंबरला गेले. कावीळ झाली आणि वाढतच गेली. तुम्हाला कुणी तरी कळवलं असेल असं मी धरून चालले आहे.

नांदेडच्या दवाखान्यात होते तेव्हाची गोष्ट. दुपारी मी मोसंबी सोलत होते, तर एकदम म्हणाले, "आपल्याकडं त्या दोन गिटारी हायत ना, त्यातली एक विश्वंभरची हाय. त्याला पोचव."

मी विचारलं, "कोणती?"

तर हसले. "त्यालाच इचार. तो काय म्हणतो ते मला बी ऐकायचंय."

तेवढ्यात डॉक्टर आले आणि बोलणं तिथंच राहिलं. पुन्हा विचारायची सवड मिळाली नाही.

तुम्ही म्हणाल, आठ वर्षं नवरा ऑर्केस्ट्रात वाजवत होता आणि हिला एवढं ठाऊक नाही? खरंच नाही. 'शिवविश्व ऑर्केस्ट्रा' तुमच्या दोघांच्या नावांचा, शिवहार आणि विश्वंभर. माझ्या वाट्याला पिठाची गिरणी होती. तुम्ही दोघं १९९१ साली मुंबईला जाऊन, जहाजांवर वाजवणाऱ्या त्या गोवेकर म्हाताऱ्याकडून दोन काळ्या पेट्या घेऊन आलात तेव्हा प्रियदर्शनी पाच वर्षांची होती आणि माझे दोन्ही हात पिठात होते. पेट्या दिसायला सारख्या. घरी हे कधी ही काढायचे, कधी ती.

दोन्ही आमच्याकडंच का, ते तुम्हाला माहीत आहे. १९९७ साली जवळा बाजारच्या कार्यक्रमात तुम्ही गाणं अर्ध्यात सोडलंत, गिटार स्टेजवर ठेवलीत आणि निघून गेलात. ह्यांनी ती उचलून आणली. तेव्हापासून दोन्ही पेट्या पलंगाखाली शेजारी शेजारी आहेत.

एक पांढरट आहे, सायीच्या रंगाची. तिच्या डोक्यावर फेंडर लिहिलंय. दुसरी काळपट तांबडी, तिच्यावर गिब्सन. तुमची कोणती एवढं कार्डावर कळवा. पोचवायचं मी बघते.

सत्यशीला


कुरुंदा, ११ एप्रिल २००४

विश्वंभर भावजी,

कार्ड मिळालं. "मला काही नको. विश्वंभर." पोस्टमन संतराम ते माझ्या हातात देता देता म्हणाला, "वहिनी, लई थोडकं लिवलंय."

नको तर नको. पण मला जे सांगितलं गेलं ते मला करायचं आहे. आणि खरं सांगू का, आता मला कळूनही घ्यायचं आहे. एवढी वर्षं त्या पेट्यांभोवती मी झाडू मारला, आणि आत काय आहे ते एकदाही नीट पाहिलं नाही.

मग गुरुवारी गिरणीला दळण कमी होतं, तेव्हा दोन्ही काढल्या. पहिल्यांदा काट्यावर ठेवल्या. पांढरी साडेतीन किलोला थोडी कमी. तांबडी सव्वाचार. चतुराबाई ज्वारी घेऊन आली होती, ती बघतच राहिली. "आता गिटारी बी दळून राहिली का काय ग सत्यशीला?"

मग शिवणाच्या टेपनं तारा मोजल्या, वरच्या हाडापासून खालच्या घोडीपर्यंत. पांढरीची तार साडेपंचवीस इंच, तांबडीची पावणेपंचवीस. पाऊण इंचाचा फरक कशासाठी ठेवला असेल? पांढरीला तारांखाली लोहचुंबकाच्या तीन पट्ट्या आहेत, तांबडीला दोन, पण रुंद. पांढरीला एक वाकडी दांडी आहे. ती दाबली की सूर रडल्यासारखा खाली जातो. तांबडीला तसलं काही नाही. तिची पाठ मात्र एका जागी घासलेली आहे, कमरेच्या पट्ट्याचं बक्कल लागून लागून. पांढरीच्या पाठीवरही ओरखडे आहेत, पण वेगळ्या जागी. तुम्ही दोघं एकाच उंचीचे नव्हतात ना?

रविवारी भीमसिंगला बोलावलं. ह्यांचा जुना स्पीकर त्यानं चालू करून दिला. पांढरी जोडली आणि मी दचकले. कुणी तारेला हात लावला नव्हता तरी आतून "गूंऽऽ" असा आवाज. गिरणी चालू होती. गिरणी बंद केली तर गूं निम्म्यावर आला. तांबडी जोडली तर गिरणी चालू असो की बंद, ती आपली गप्प.

मी विचारलं, "पांढरी बिघडलीय का?"

"बिघडी नहीं भाभी, जात अलग आहे," भीमसिंग म्हणाला. "सफेदवाली के नीचे तारेची एकेक गुंडाळी. वो आजूबाजू की बिजली पकडती. लालवालीत दोन-दोन गुंडाळ्या जोडीनं. एकीचा गूं दुसरी मारून टाकते. दोनो ऊंची चीज है. नांदेडच्या दुकानात बी दिसणार न्हाईत."

"मग चांगली कोणती?"

तो हसला. "शिवहारभाऊ और विश्वंभरभाऊ इसी बात पर मुंबईत त्या म्हाताऱ्यासमोर, परभणीच्या स्टँडवर, सगळीकडं भांडले. मेरे को मत पूछो. और किसकी कौनसी, वो बी त्या दोघांचा मामला. मैं बीच में न्हाई पडणार."

मला गिरणीच्या आवाजावरून दगडाला टाकी लावायची वेळ कळते. म्हणून असेल, ह्या गूंवर माझा जीव अडकला आहे. तुम्हाला काही नको असेल तरी एवढं सांगा: हा गूं वाजवणाऱ्याला त्रास देत नाही का?

सत्यशीला


कुरुंदा, ३० मे २००४

विश्वंभर भावजी,

तुमचं पत्र आलं. ह्या वेळी पूर्ण पान. त्यात गिटारीबद्दल चौदा वाक्यं आहेत आणि माणसांबद्दल एकही नाही. मी मोजली.

तरी वाचून बरं वाटलं. गूं नको असेल तर अंग वळवून उभं राहायचं, एका बाजूला तोंड केलं की तो कमी होतो, हे करून पाहिलं. खरंच होतो. खिडकीकडं तोंड केलं की जास्त, देवळीकडं केलं की जवळजवळ नाहीच. तुम्ही सांगितल्या त्या नंबरच्या तारा भीमसिंगनं हिंगोलीहून मागवून दिल्या आणि स्वतः चढवून दिल्या.

भीमसिंगकडं तुमच्या कार्यक्रमांच्या नऊ कॅसेटी निघाल्या. मशीनवरून थेट भरलेल्या, वर त्याच्याच अक्षरात गाव आणि साल. त्या ऐकते आहे. पण टेपचं डोकं घाण झालंय, नीट काही कळत नाही. कोणती गिटार कुणाची ते अजून कळलं नाही.

प्रियदर्शनी बारावी झाली. आता वसमतच्या कॉलेजात जाईल. ती गिटारीला हात लावत नाही.

सत्यशीला


कुरुंदा, २७ जून २००४

विश्वंभर भावजी,

मागच्या पत्रात मी दोन गोष्टी खोट्या लिहिल्या. टेपचं डोकं स्वच्छ होतं. आणि प्रियदर्शनी रोज वाजवते. बाबांनी तिला गिटार शिकवली, ऑर्केस्ट्रा बंद झाल्यावर, पाच वर्षं, रोज संध्याकाळी. ती पांढरी वाजवते. तांबडी तिला खांद्याला जड होते. लाईट असली की माझी गिरणी चालू, आणि गिरणी चालू असली की पांढरी घुमते, म्हणून रोज चार ते साडेचार मी गिरणी बंद ठेवते. बाया डबे घेऊन ओट्यावर बसतात आणि विचारतात, "काहून बंद ठेवली?" मी म्हणते, पट्टा गरम झाला.

कॅसेटीत काय ऐकलं ते आता खरं सांगते. १९९२, कळमनुरी. निवेदक म्हणतो, "आता ऐका लीड गिटारवर, विश्वंभर!" टाळ्या. मग एका श्वासाएवढी शांतता, आणि त्या शांततेत "गूंऽऽ". नंतर तुमचा हात सुटतो. थोड्या वेळानं निवेदक म्हणतो, "आणि शिवहार!" टाळ्या, शांतता, आणि त्या शांततेत काहीच नाही. मी पंधरा वेळा मागं नेऊन ऐकलं. ९२, ९३, ९४, ९५, सगळीकडं तेच. गूं तुमचा. म्हणजे पांढरी तुमची.

हे मला मे महिन्यातच कळलं होतं. प्रियदर्शनी शेजारीच बसलेली होती. तिलाही कळलं. तिनं टेप बंद केला आणि म्हणाली, "आई, ती त्यांची निघाली तर मला सांगू नकोस. पेटी घेऊन जा आणि मी घरात नसताना दे." सप्टेंबरात नांदेडला विद्यापीठाचा युवक महोत्सव आहे. कॉलेज सुरू झालं की त्यात नाव द्यायचं तिनं ठरवलंय. म्हणून मी तुम्हाला खोटं लिहिलं.

खोटं लिहिलं आणि कॅसेटी पेटीत ठेवून दिल्या. पण एक ऐकायची राहिली होती, आणि मला ती तशी ठेवता येईना. काल गिरणी झाडून झाल्यावर ती लावली. वसमत, दिवाळी १९९६.

"लीड गिटारवर, विश्वंभर!" टाळ्या. शांतता. गूं नाही.

मला वाटलं लाईट गेली असेल. पण पुढं निवेदक म्हणतो, "आणि शिवहार!" आणि तिथं गूं आहे. उलटं झालं होतं. त्या दिवशी तांबडी तुमच्या गळ्यात होती आणि पांढरी ह्यांच्या.

आणखी एक. तुमचं वाजवणंही वेगळं आहे. आधीच्या कॅसेटीत तुम्ही धावता. ह्या कॅसेटीत जपून चालता.

मला एवढं आठवतं की त्याच वर्षी उन्हाळ्यात वाशीमहून परत येताना कनेरगाव नाक्याजवळ तुमचा टेम्पो उलटला होता. ह्यांना खरचटलं. तुमच्या डाव्या हाताला पट्टी होती. एवढंच आठवतं. तुम्ही आमच्याकडं चहाला आलात तेव्हा बशी न घेता नुसता कप उजव्या हातात धरला होतात, आणि मी विचारलंही नाही.

भावजी, मग तुमची कोणती? तुम्ही मुंबईहून आणलीत ती, का नंतर तुमच्या गळ्यात आली ती? तांबडी असेल तर माझ्या लेकराचं सगळं सोपं होतं, म्हणून मी तांबडी म्हणून टाकायला अगदी तयार आहे. म्हणूनच माझ्या म्हणण्यावर जाऊ नका. तुम्ही सांगा.

सत्यशीला


कुरुंदा, १८ जुलै २००४

विश्वंभर भावजी,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, मग प्रियदर्शनीला वाचायला दिलं.

डाव्या हाताचं तिसरं बोट वाकत नव्हतं, पांढरीच्या लांब पट्टीवर ते पोचत नव्हतं. तांबडीची पट्टी पाऊण इंचानं आखूड. म्हणून एका तालमीला ह्यांनी स्वतःची तांबडी तुमच्या गळ्यात अडकवली आणि तुमची पांढरी उचलून आपल्या गळ्यात घातली. "दिली म्हणाला नाही, उसनी म्हणाला नाही, काहीच म्हणाला नाही. 'चला, पहिलं गाणं' म्हणाला." तुमचं हे वाक्य वाचताना मला त्यांचा आवाज ऐकू आला. ते असेच होते. माझ्यासाठी साडी आणली तरी दळणाच्या डब्यावर ठेवून निघून जायचे.

म्हणजे टेपनं मोजलेला तो पाऊण इंच मी उगाच मोजला नव्हता.

आणि पुढच्या वर्षी जवळा बाजारला त्यांनी तुमचा सोलो नांदेडच्या रामकिशन गिटारवाल्याला दिला, तेही तुम्हाला स्टेजवर चढल्यावर कळलं. हे मला आजवर माहीत नव्हतं. मला हे एवढंच म्हणाले होते, की विश्वंभर चिडून गेला. का चिडला ते त्यांनी सांगितलं नाही. बरोबर केलं असं मी म्हणणार नाही. ते माझे होते म्हणून मी म्हणणार नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय, "शिवहार माझ्याबद्दल काय बोलायचा?" पाच महिन्यांत गिटार सोडून विचारलेली ही पहिली गोष्ट. आणि तिचं उत्तर द्यायचं तर मला दुसरं काही तरी आधी सांगावं लागेल. तुम्हाला त्यातलं अर्धं माहीत आहे.

२००१ साली, संक्रांतीनंतर, तुम्ही दुपारच्या एसटीनं कुरुंद्याला आलात. मी गिरणीत होते. तुम्ही ओट्याखाली उभे राहून म्हणालात, "वहिनी, शिवहार हाय का?"

मी म्हणाले, "हायत. पण तुमचं तोंड बघायचं न्हाई म्हणालेत."

तुम्ही खांद्यावरची बॅग सावरलीत. मग पाणी मागितलंत. मी तांब्या दिला. तुम्ही पाणी प्यालात, तांब्या ओट्यावर ठेवलात आणि त्याच गाडीनं परत गेलात.

ते असं म्हणाले नव्हते, भावजी. ते घरातही नव्हते. हळद शिजवणं चालू होतं, ते मळ्यात कढईपाशी होते. तुम्ही आल्याचं त्यांना कधीच कळलं नाही. मी सांगितलं नाही.

का केलं ते मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. ऑर्केस्ट्रा होता तेव्हा ते महिन्यातले वीस दिवस बाहेर असायचे. बंद झाला आणि माझा नवरा मला घरात मिळाला. संध्याकाळी लेकीला शिकवायचे, सकाळी गिरणीचा पट्टा चढवून द्यायचे. तुम्ही तिथं उभे राहिलात तेव्हा तुमच्या खांद्याला बॅग होती. मला वाटलं, हा एक शब्द बोलेल आणि हे उद्या तुमच्यामागं पुण्याला जातील. मला दुसरं काही सुचलं नाही. तोंडातून ते वाक्य आलं ते एवढं तयार होऊन आलं, की माझं मलाच नवल वाटलं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ते म्हणायचे, "विश्वंभर एकदा बी कसा आला न्हाई?" दवाखान्यातही म्हणाले. मी तेव्हाही मोसंबीच सोलत होते.

माफी मागायची कशी ते मला कळत नाही. दोन्ही गिटारी तुमच्या म्हणालात तरी चालेल.

सत्यशीला


कुरुंदा, ५ सप्टेंबर २००४

विश्वंभर भावजी,

तुम्ही आलात ते तुम्हाला माहीतच आहे. तरी लिहिते, कारण त्या दिवशी मी फार बोलले नाही, आणि जे घडलं त्यातलं निम्मं तुमच्या पाठीमागं घडलं.

माझ्या पत्राला सहा आठवडे उत्तर नव्हतं. संतराम दिसला की मी आत जायचे. त्याला "काही न्हाई आलं" म्हणायची वेळ येऊ नये म्हणून. आणि मग त्या मंगळवारी तुम्ही सरळ ओट्याखाली येऊन उभे. केस पांढरे झालेले. म्हणालात, "वहिनी, आज तरी खरं सांगा. घरात कोण हाय?"

प्रियदर्शनीच बाहेर आली. तिनं तुम्हाला शेवटचं पाहिलं तेव्हा ती अकरा वर्षांची होती, तरी ओळखलं. "काका, या," म्हणाली.

तुम्ही बसला नाहीत. आधी विचारलंत, "त्या दिवशी तो कोणत्या मळ्यात होता?" मी हात करून दाखवलं, शाळेच्या मागनं, चिंचेपासून डावीकडं. "किती लांब?" मी म्हणाले, दहा मिनिटं. तुम्ही घड्याळात पाहिलंत आणि एकटेच निघालात.

तुम्ही तासभर आला नाहीत. त्या तासात काय झालं ते ऐका. प्रियदर्शनीनं दोन्ही पेट्या पलंगाखालून काढल्या, पुसल्या, उघडून बाजेवर ठेवल्या. पांढरीच्या पेटीत तिची वही होती, ती काढून घेतली. मी म्हणाले, "महोत्सव वीस दिवसांवर आलाय, मी भावजींना सांगून बघते." ती म्हणाली, "तू काही सांगू नकोस आई. तू सांगितलंस की काही तरी होतं." मग वही घेऊन आत गेली. तिनं बरोबरच म्हटलं होतं.

तुम्ही परत आलात तेव्हा चपलांना मळ्यातली माती होती. म्हणालात, "सात मिनिटं लागली." एवढंच. हळद कमरेला आली आहे असंही म्हणालात.

मग तुम्ही तिला वाजवायला सांगितलंत. मी गिरणी बंद केली. ओट्यावर चतुराबाई होती, तिला मी आज खरं कारण सांगितलं. ती म्हणाली, "मग आदीच सांगायचं की. आमी बी ऐकलं असतं." आणि आत येऊन बसली.

प्रियदर्शनीनं वाजवलं ते तुम्ही ऐकलंत. मी तुमच्याकडं बघत होते. तिचा अंगठा तुम्ही दोनदा सरळ केलात. तिसऱ्या वेळी करायला गेलात आणि थांबलात. म्हणालात, "असू दे. शिवहार बी असाच धरायचा. मी सांगून दमलो."

मग तुम्ही तांबडी उचललीत. तुमचं तिसरं बोट तसंच ताठ. तीन बोटांनी वाजवलंत. भावजी, मला संगीतातलं काही कळत नाही, पण कॅसेटीतल्या धावण्यापेक्षा मला हे ऐकावंसं वाटलं. मध्येच थांबून तुम्ही म्हणालात, "जवळा बाजारला ही स्टेजवर टाकली तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, माझी न्हवती म्हणून टाकली. तसं न्हवतं. माझी होती म्हणूनच टाकली. त्याला लागावं म्हणून."

आणि मग विचारलंत, "वहिनी, ही नेऊ का?"

आता जे त्या दिवशी बोलले नाही ते लिहिते. तुम्ही तांबडी मागितलीत तर मला आनंद होईल असं मी दोन महिने धरून होते. पांढरी लेकीला राहणार, मग आणखी काय पाहिजे? पण तुम्ही ती मागितलीत आणि माझा हात पेटीच्या झाकणावर गेला. ती ह्यांनी मुंबईहून आणलेली. तिच्या पाठीवरची घासलेली जागा नीट पाहिली तर एक नाही, दोन आहेत, एक वर, एक जरा खाली. खालची त्यांची. गिटारी पुसताना मी तिथं हात ठेवायचे. म्हणून मला "न्या" म्हणायला एवढा वेळ लागला. तुम्हाला वाटलं असेल, हिनं हिशेब बदलला. तसं नाही. मला ती द्यायची नव्हती, आणि ती तुमची आहे हेही मला पटलेलं होतं. दोन्ही एकदमच होतं.

"न्या" म्हणाले ते मनापासून म्हणाले. एवढं खरं धरा.

जाताना तुम्ही मला माफ केलं असं म्हणाला नाहीत. घाईनं म्हणू नका. चहा मात्र पूर्ण प्यालात, ते मी पाहिलं.

पांढरी आता प्रियदर्शनीची, हे तुम्ही तिला स्वतः सांगितलंत हे चांगलं केलंत. माझ्या तोंडून तिनं विश्वास ठेवला नसता. तुम्ही गेल्यावर तिनं पेटीत तुमचं नाव कुठं आहे का ते शोधलं. अस्तराच्या आत होतं, पेन्सिलीनं. एवढे दिवस मी वजन केलं, मापं घेतली, कॅसेटी ऐकल्या, आणि अस्तर उचलून पाहिलं नाही. ती हसत होती, मीही हसले. बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघी एकदम हसलो.

सत्यशीला


कुरुंदा, २४ ऑक्टोबर २००४

विश्वंभर भावजी,

महोत्सव झाला. पहिलं पत्र तिनं तुम्हाला लिहायचं म्हणून मी थांबले होते. तिनं काय लिहिलं ते मला दाखवलं नाही, म्हणून माझ्याकडची हकिगत वेगळी पाठवते.

नांदेडच्या त्या हॉलमध्ये सगळीकडं ट्यूबलाईटी. तिनं वायर जोडली आणि पांढरी अशी घुमायला लागली की पुढच्या रांगेतली पोरं हसली. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. तिनं शांतपणे एक पाऊल डावीकडं वळून पाहिलं, मग आणखी एक, असं करत करत गूं जिथं गेला तिथं थांबली. ती जागा अशी निघाली की परीक्षकांकडं तिची पाठ आणि भिंतीकडं तोंड. तसंच वाजवलं. पूर्ण. एक परीक्षक उठून बाजूनं येऊन तिचे हात बघत उभे राहिले.

नंबर आला नाही. उत्तेजनार्थ मिळालं. त्या परीक्षकांनी विचारलं, "पाठ का केलीस?" तर म्हणाली, "सर, तुम्हाला मी दिसायला पाहिजे होते का गिटार ऐकू यायला?" घरी आल्यावर मी रागावले, पण फार नाही.

तुम्ही लिहिलंत की पुण्यात तुम्ही शिकवता त्या क्लासमधली मुलं तांबडी हातात मागतात आणि तुम्ही कुणालाच देत नाही. द्या की. आणि ती तिथं कशी वाजते ते सविस्तर लिहा. "ठीक" असं लिहू नका. खोली केवढी आहे, आवाज कुठपर्यंत जातो, पाऊस असताना वेगळी वाटते का? डिसेंबरच्या नऊ तारखेला इकडं येणार असाल तर घेऊन या. नाही आणलीत तरी या.

आणखी एक विचारायचं होतं. तारा दाबून दाबून डाव्या हाताच्या बोटांची टोकं दुखतात, पिठात हात घातला की झोंबतं. हे किती दिवसांनी थांबतं? प्रियदर्शनी कॉलेजात जाते तेव्हा मी अर्धा तास बसते. तिला विचारलं असतं, पण तिला अजून सांगितलेलं नाही.

सत्यशीला